शालिनीताईंची राहिलेली रजा

शालिनीताई गेल्याचं मला वॉर्डमधल्या फोनवर कळलं. एका रुग्णाच्या पायाची पट्टी बदलत होते. ती पुरी केली, हात धुतले आणि मगच रडले. त्यांनी तसंच शिकवलं होतं... त्याला आता सहा आठवडे झाले.

ताई मूळच्या मिरजेच्या. तरुणपणी नर्स म्हणून म्युनिकला आल्या आणि इथल्याच झाल्या. मी पुण्याहून येऊन इथे नर्सिंगमध्ये मास्टर्स केलं, तेव्हा अशी नर्स म्हणजे नवलाईच होती. हॉस्पिटलने जुनाट जखमांच्या उपचाराचे निर्णय माझ्याकडे दिले, पण दोन वर्षं ताईंच्या देखरेखीखाली. तसा लेखी करार होता. प्रत्येक निर्णयाखाली माझ्या सहीशेजारी त्यांची सही. माझी तयारी झाली, तर दोघींच्या सहीने तो आधीही संपवता येत होता.

वर्षभरातच त्या सवयीने जर्मन मिसळत म्हणाल्या, "आल्झो, तर मग आता हे संपवू या. तुला माझी गरज राहिली नाही. मला मिरजेला बहिणीकडे जायचंय, चांगलं दोन महिने. माझी सही लागतेय तोवर कशी जाऊ?"

"अहो ताई, असं काय म्हणता? अजून राहू दे ना," मी म्हणाले.

वडीलधाऱ्या बाईला 'तुमची गरज नाही' असं लिहून द्यायला माझा हात धजेना. इथल्या एखादीने पाच मिनिटांत कागद उरकला असता. पण खरं सांगायचं तर आदर हे निम्मंच कारण... एकटीने निर्णय घ्यायला मी घाबरत होते. उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा विषय काढला, मी पुन्हा टाळला. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि माझे कागद तपासायला घेतले. त्यांचं हृदय असा दगा देईल हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अंत्यविधीला त्यांचा मुलगा जर्मनमध्ये म्हणाला, "आई तुमच्याबद्दल फार अभिमानाने बोलायची." मला मान वर करवली नाही.

करार आपोआपच संपला. आता मी एकटीच सही करते. ताईंची खोलीही मलाच मिळाली आहे. तिथे भिंतीवर रजेचा तक्ता आहे. ताईंनी मे महिन्यावर मराठीत 'मिरज' लिहिलंय आणि खोडलंय. मग ऑगस्टवर लिहिलंय, तेही खोडलंय. डिसेंबरवरचं तसंच आहे.

ताई, तुमची रजा मी अडवली.