मंदाला आवतण

ज्या वर्षी माझं गाणं सर्वाधिक खपलेल्या लोकगीतांच्या यादीत पहिलं आलं, त्या वर्षी माझा गावदेवीवर विश्वास उरलेला नव्हता. मांडवात बसून मी तिला आवतण देत असे, तेही सुरात, पण ते कामाचा भाग म्हणून. ती येते की नाही, याकडे मी लक्ष देणं सोडून दहा वर्षं झाली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. घरी माझ्या यजमानांना कळलं असावं.

मी कर्जत तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका होते आणि सासूबाईंच्या मागे धवलारीण. आमच्याकडे लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर. ती आधी देवांना बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, आणि त्यानंतर नवरा-नवरीची नावं गाण्यात ओवत एकेक विधी पुढे नेते. नावाशिवाय धवला, म्हणजे हे लग्नाचं गाणं, पुरा होत नाही. जुन्या चालींवर मी स्वतःचीही गाणी रचत असे. सत्तरचं दशक संपत आलेलं असताना त्यांतलं एक गाणं खोपोलीच्या एका लग्नात रेकॉर्ड कंपनीतल्या माणसाने ऐकलं आणि मला मुंबईला बोलावून घेतलं.

स्टुडिओत मांडव नव्हता, हळदीचा वास नव्हता, नवरी नव्हती. काचेपलीकडचे गृहस्थ म्हणाले, “बाई, नाव कोणतंही चालेल. सीता घाला.” मीही घरून सीताच ठरवून गेले होते. ढोलकी सुरू झाली, नवरीच्या नावाची ओळ आली, आणि माझ्या तोंडून ‘मंदा’ गेलं.

मंदा माझी मुलगी. आठ वर्षांची असताना तापाने गेली. पावसाचे दिवस होते, नदीला पूर होता, पलीकडे दवाखान्यात जाता आलं नाही. त्या तीन दिवसांत मी गावदेवीला बोलता येतील तेवढे नवस बोलले. ध्वनिमुद्रणाच्या वर्षी मंदा अठराची झाली असती. मी ‘थांबा, चुकलं’ म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही. पुढच्या तीन कडव्यांत तिचंच नाव गायले.

पहिल्याच लग्नसराईत ती रेकॉर्ड खालापूरपासून भिवपुरीपर्यंत प्रत्येक मांडवाच्या कर्ण्यावर वाजू लागली. रेडिओवर फर्माईशी येत. शेजारीण म्हणायची, “बाई, तुमी आता घरी कशाला ऱ्हाता? कर्ण्यातच खोली घ्या की.” मी हसत असे. खरं असं होतं की मी तांदूळ निवडायला मुद्दाम ओटीवर बसत असे, वाऱ्यावरून नाव येईल म्हणून. कधी दोन गावांतून एकदमच यायचं. गाणं सुरू झालं की मंदा बोहल्यावर उभी राहायची. तीन मिनिटांनी सुई उचलली जायची, आणि हातात तांदळाचं सूप तेवढं उरायचं. कंपनीने आणखी दोन रेकॉर्डी काढल्या, त्याही खपल्या. मला त्यांचं फारसं काही वाटलं नाही. त्यांत तिचं नाव नव्हतं.

मग भिवपुरीचं लग्न झालं. नवरीचं नाव कुसुम. मी ‘मंदा’ म्हटलं. लोक हसले, रेकॉर्डची सवय लागली असेल, असं त्यांना वाटलं. मी ओळ पुन्हा उचलली आणि पुन्हा ‘मंदा’ म्हटलं. तेव्हा नवरीची आजी उठून उभी राहिली. “बाई, मेलेल्या पोरीचं नाव आमच्या नवरीवर घालतेस?” तिचं चुकलं, असं मी आजही म्हणत नाही. मी चपला शोधल्या आणि निघाले. त्यानंतर मला कोणी धवल्याला बोलावलं नाही. रेकॉर्ड मात्र वाजतच राहिली. कंपनीची पत्रं आली, त्यांना मी नकार कळवला. गाणं रचणंही थांबलं. ज्या मांडवात एकदा तरी माझ्या मुलीचं लग्न लावायचं होतं, तो परक्या मुलींसाठीही मला बंद झाला होता.

दोन वर्षांनी, एका रविवारी सकाळी, कळंबकडचे एक शेतकरी दारात आले. त्यांच्या मुलीचं, हिराचं, लग्न होतं.

“बाई, धवल्याला चला.”

“रेकॉर्ड लावा. सगळे तेच करतात.”

“रेकॉर्डात आमच्या हिराचं नाव नाय.”

“भिवपुरीचं ऐकलंत ना तुम्ही?”

“सगल्या तालुक्यानं ऐकलंय. चुकलात तर पुन्ना म्हना. लगीन काय एसटी हाय, सुटून जायला?”

मी गेले. त्यांनी समजूत घातली असती, तर बहुधा गेले नसते.

मांडव माणसांनी भरला होता. देवांना आवतण दिलं, घरातल्या गेलेल्यांची नावं विचारून घेतली आणि त्यांनाही बोलावलं. मग नवरीची ओळ आली आणि गाणं थांबलं. जिभेवर एकच नाव होतं आणि ते हिराचं नव्हतं. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी डोळे मिटले. त्या घटकेला मी देवीला एवढंच म्हटलं, की मला यातलं काही जमत नाही, आता तू बघ. मंदा गेल्यानंतर देवीशी मनापासून बोललेलं ते पहिलं वाक्य.

माझ्या मागच्या खांबाला टेकून एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, तोंडात पान. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“थांबलीस का गं?”

“तिचं नाव येतंय.” कोणाचं, ते मी सांगितलं नाही.

“येतंय तर येऊ दे. पन नवरी नको करू तिला. पावनी हाय ती. गेलेल्यांच्या पंगतीत बोलाव, पाटावर बसव, आनि मग या पोरीचं बघ. चल, नवरी सकालपासून उपाशी हाय.”

मी शेकडो घरांच्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावलं होतं. मंदाला कधीच बोलावलं नव्हतं. आवतण द्यायचं, तर ती गेली हे आधी मानावं लागतं. मी सूर पुन्हा खालून धरला आणि गेलेल्यांना बोलावण्याच्या ओळीत तिचं नाव घेतलं: ये गं मंदा, लग्नाला ये, पाट मांडलाय. आवाज फुटला, तरी ओळ पुरी केली. त्यानंतर ‘हिरा’ आपसूक आलं. दुपारपर्यंत गात होते, एकदाही चुकले नाही.

जेवणं झाल्यावर मी त्या म्हातारीला शोधलं. मुलीकडचे म्हणाले, मुलाकडची असेल. मुलाकडचे म्हणाले, आमी तुमचीच समजलो. वऱ्हाडाच्या टेंपोवाल्यालाही विचारलं. ती कोण, हे कोणाला सांगता आलं नाही. भिवपुरीची हकिगत तालुकाभर झाली होती, तेव्हा तिला ती माहीत असणं शक्य आहे. मी जे घडलं तेवढं लिहिते.

पुढच्या लग्नसराईपासून लोक पुन्हा बोलावू लागले. देवीशी बोलणं सोडलं, तरी आतून मी तिच्याकडे मंदालाच परत मागत होते. ते मागणं हातातून सुटलं तेव्हा मला मिळालं ते इतकंच, की प्रत्येक मांडवात तिला बोलावण्याची एक ओळ आहे आणि ती गायला गळा आहे. त्याबद्दल मी देवीची ऋणी आहे. ओढ गेलेली नाही. ती जावी, असं मागणंही मी केलेलं नाही.

कंपनीने त्याच रेकॉर्डची आता कॅसेट काढली आहे. तिच्यात मंदा अजून नवरीच आहे. ते माझ्या हातात नाही. कर्ण्यावर गाणं लागलं की हातातलं काम थांबतं. मग मी मनातल्या मनात आवतणाची ओळ म्हणते, तिला शेजारी बसवते, आणि आम्ही दोघी ते लग्न शेवटपर्यंत ऐकतो.