आधी तिला

माझ्या लग्नात माझ्या अंगावर जे जे चढलं, ते सगळं एका मेलेल्या बाईचं होतं. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. बिजवराला दिली आहे एवढं कानावर आलं होतं, पण त्याचा अर्थ काय, हे धारेला आईच्या हाताखाली पोळ्या लाटणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीला काय कळणार? कळलं ते देवासला आल्यावर, पाटल्या घालताना.

पाटल्या लहान आणि माझा हात मोठा. सासूबाईंनी लाखेच्या बांगड्या भरणाऱ्या लखारणीला बोलावलं. तिने तेल चोळून माझी बोटं एकत्र दाबली. "हाथ ढीलो छोड़, बई," असं ती म्हणत होती आणि सासूबाई शेजारी बसून सांगत होत्या, "तिच्या कशा झर्रकन गेल्या होत्या." ती म्हणजे इकडची पहिली बायको, प्लेगात गेलेली. माझ्या अंगठ्याखालचं कातडं सोलून निघालं, पण पाटल्या गेल्या. मग चोळी आली. ती उसवून माझ्या मापाची केली होती आणि आधीच्या शिवणीची भोकं काखेत तशीच दिसत होती. शालूच्या पदरावर हळदीचा जुना डाग होता. "घराण्यातलं आहे हो, नशिबाने मिळतं," असं येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगून गेली. डोंबलाचं नशीब.

सगळ्यात शेवटी गळ्यात टाक आला. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर हात जोडलेली एक बाई उठवलेली, तिला धड नाकडोळेही नाहीत. सवतीचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बायकोने तो गळ्यात घालायचा, रोज त्याला हळदकुंकू लावायचं, आणि घरात स्वतःसाठी नवीन काही आलं, मग ते लुगडं असो की वेणी, ते आधी टाकापुढे ठेवायचं. आधी तिला, मग मला. जुनं ते तिचं होतंच, नवंही आधी तिचंच. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सांगणार कुणाला? इकडची नोकरी थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजांच्या, दफ्तरात. काही बोलायला गेलं की उत्तर ठरलेलं, "आईच्या मनाला लागतं. करून टाकावं." देवासात एका गावात दोन राजे नांदतात, मग एका घरात दोन बायकांचं काय अडलं, असं इकडे वाटत असावं. मी उष्टी भांडी जोरात आपटत असे. तेवढंच माझ्या हातात होतं.

तिसऱ्या दिवाळीला धारेहून मामा आला. त्याच्याबरोबर आईने लुगडं धाडलं होतं, महेश्वरी, जांभळं, बारीक जरीच्या काठाचं. माझ्या लग्नात आईला माझ्या अंगावर एक सूतही घालू दिलं नव्हतं, आणि ते तिला तीन वर्षं सलत होतं. विणकराच्या मागे लागून तिने ते मुद्दाम करवून घेतलं होतं. मामाबरोबर एकच निरोप होता, घडी तूच मोड.

पाडव्याच्या पहाटे मी न्हाले आणि ते लुगडं पेटीतून काढून सरळ नेसले. टाकापुढे ठेवलं नाही. बाहेर आले तेव्हा सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी एकदा काठाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाल्या, "सोड ते."

"नाही सोडत," मी म्हटलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

सासूबाई दिवसभर जेवल्या नाहीत. इकडून माझ्याशी बोलणं बंद झालं. मीही हट्टाला पेटले, दुसऱ्या दिवशीही तेच नेसले. तेव्हा सासूबाईंनी शेवटचा उपाय म्हणून धाकट्या पातीतून विहीणबाईंना, म्हणजे त्या पहिलीच्या आईला, बोलावून घेतलं. ही बुटकी, हळू बोलणारी बाई वर्षातून एकदा लेकीच्या तिथीला यायची, माझ्या गळ्यातला टाक हातात धरायची आणि जायची. मी तिला आई म्हणावं अशी रीत होती. मी काहीच म्हणत नसे.

"समजावा तुम्हीच हिला, आमचं काही चालत नाही," म्हणून सासूबाई फराळाचं आणायला आत गेल्या. मी दात आवळून बसले होते. ऐकून घ्यायचं, पण लुगडं सोडायचं नाही, हे पक्कं केलं होतं.

ती माझ्या हाताकडे बघत म्हणाली, "रुततात का ग पाटल्या?"

"रुततात."

"तिलाही रुतायच्या. घालताना रडली होती."

"पण सासूबाई तर म्हणतात, झर्रकन गेल्या."

"त्या म्हणायच्याच. अग, त्या पाटल्या तिच्या कुठल्या? तुझ्या सासूबाईंच्या सासूच्या. शालू तुझ्या सासूबाईंचा, डागही त्यांच्याच हळदीचा." तिने माझ्या पदराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला. "मीही पहिल्या दिवाळीला लुगडं धाडलं होतं. हिरवं. ते तसंच नणंदेच्या लग्नात देण्याघेण्यात गेलं. तिने काही घडी मोडली नाही."

"मग तिचं असं काहीच नव्हतं?" मी विचारलं.

तिने माझ्या गळ्यातला टाक तळहातावर घेतला. "हे एवढंच. आमच्याकडच्या बुगड्या होत्या तिच्या कानात. ती गेल्यावर त्या आटवून हा केला."

तीन वर्षं मी या एवढ्याशा पत्र्यावर दात खात होते. हिच्यामुळे माझं काही माझं राहिलं नाही, असं रोज म्हणत होते. आणि ती तर माझ्याहून रिकाम्या हाताने गेली होती. मी उठले, आतल्या खोलीत जाऊन लुगडं सोडलं, जुनं गुंडाळलं. जांभळ्या लुगड्याची आईने घातली होती तशीच घडी घातली, अगदी त्याच मोडींवर. बाहेर येऊन टाक गळ्यातून काढून पाटावर ठेवला, कुंकू लावलं आणि लुगडं पुढे केलं. मनात म्हटलं, नेस आधी तू. मोड घडी.

सासूबाई ताट घेऊन आल्या त्या दारातच थांबल्या. मग तोंडभर हसल्या. "बघा, विहीणबाई, तुमचा शब्द मानला हो पोरीने. आता कसं शहाण्यासारखं केलंन्."

तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, मीही नाही.

पुढे सासूबाई ही गोष्ट हळदीकुंकवात, बारशात, जिथे बसतील तिथे सांगत. पोर हट्टी होती, पण टाकाने वळणावर आणली. त्या गेल्या तरी गोष्ट काही गेली नाही. परवा माझ्या सुनेनेही मला तीच ऐकवली. तिला म्हणावंसं वाटलं की अग, मी ते सासूबाईंसाठी केलं नव्हतं. पण त्या दिवशी तोंड उघडलं नाही ते नाहीच, आणि त्याचा राग मला आजही येतो.