आत्याने वळलेले कान

ऑफिसच्या कामासाठी मी दक्षिण इटलीतल्या एका लहानशा गावात चार महिने राहून आलो. तिथल्या घरमालकीणबाई दर रविवारी रवा मळायच्या, त्याचे चिमुकल्या कानांसारखे तुकडे वळायच्या, ब्रोकोलीबरोबर उकडायच्या आणि ऑलिव्हच्या तेलात परतलेल्या लसूण-मिरचीत घोळवायच्या. मी शाकाहारी, तिथे माझा निभाव लागला तो या पास्त्यावरच.

वारज्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी तो करायला घेतला. गोळा काही केल्या एकजीव होईना. वळायला गेलं की तडकायचा. तयार पास्ता दुकानात मिळतो, असं बायकोने शांतपणे सांगून पाहिलं. मला राग आला तो तिचा नाही, माझ्या हातांचा.

त्या दिवसांत माझी आत्या आमच्याकडे होती. नारायण पेठेत एकटी राहणारी, शहात्तर वर्षांची. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि डॉक्टरांनी गॅसजवळ जायला मनाई केलेली. ती एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. पण संध्याकाळी घरी आली की ओळखीच्या लग्नांमधल्या रुखवतासाठी गव्हले, नखुले वळायची. रव्याची एवढीशी गोळी चिमटीत धरून तिला आकार द्यायचा, वाळवायचं, पुढे त्याची खीर होते. मग लोक तयार रुखवत आणू लागले आणि तिला कुणी विचारेनासं झालं. हे सगळं मी लहानपणी पाहिलं होतं. इटलीत ते मला एकदाही आठवलं नाही, हे सांगायला लाज वाटते.

माझी आदळआपट ती हॉलमधून ऐकत होती. शेवटी तिने गोळा मागवला आणि त्यात अंगठा रुतवून पाहिला.

"गार पाण्याने भिजवलास ना? आणि लगेच वळायला बसलास," ती म्हणाली. "रव्याला पाणी प्यायला वेळ तरी दे."

कोमट पाण्याचा हात लावत ती गोळा मळत राहिली. मग ओल्या फडक्याखाली तो अर्धा तास दडपून ठेवला. तेवढ्यात मी तिला घरमालकीणबाई कान वळत असतानाचा, तिथे काढलेला व्हिडिओ दाखवला. फोन डोळ्याजवळ धरून तिने तो तीनदा पाहिला. बाईंच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती अंगठा पाहत होती.

"हात चांगला आहे बाईंचा," एवढंच म्हणाली. आत्याने कुणाच्या हाताचं कौतुक केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

लांब वळी करायची, नखाएवढा तुकडा कापायचा, बोथट सुरीने तो पाटावर ओढायचा आणि अंगठ्यावर उलटा करायचा. तिचे पहिले दोन कान बिघडले. ते तिने मुकाट्याने गोळ्यात मिसळले. तिसऱ्यापासून मात्र सगळे एकसारखे. थोड्या वेळाने तिने डोळे मिटून घेतले. त्यांना कशाला ताण, म्हणाली. मिटल्या डोळ्यांनीही काही फरक पडला नाही. मी शेजारी बसून जे वळले, ते शर्टाच्या बटणांसारखे दिसत होते.

चातुर्मास असल्याने तिचा वाटा बिनलसणीचा केला, वर पावाचा परतलेला चुरा घातला. तिने सावकाश सगळा संपवला. कान बरे झालेत, ब्रोकोलीला मात्र चव नाही, असा निकाल दिला.

ताटाचा फोटो मी घरमालकीणबाईंना पाठवला. त्यांनी त्यातल्या चार-पाच कानांवर लाल गोल काढून परत पाठवला: हे तुझे, बाकीचे ज्यांनी केले त्यांना माझा नमस्कार सांग. मी ते आत्याला वाचून दाखवलं. ती बराच वेळ हसत होती.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर ती पेठेतल्या घरी परत गेली. आता महिन्यातून एकदा मला बोलावते. कान आधीच वळून सुपात ठेवलेले असतात. गेल्या खेपेला मी ब्रोकोली घेऊन गेलो, तर तिने मुळ्याचा पाला निवडून ठेवला होता.

"ती तुझी भाजी मिळमिळीत लागते," ती म्हणाली. "याला जरा कडवटपणा हवा."

त्या गावात हा पास्ता मुळात सलगमाच्या कडवट पाल्यातच करतात. त्या पाल्याचा हंगाम नसेल तेव्हा ब्रोकोली. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.