पायलं का आयकलं?

कोणी काही सांगायला लागलं की कंपोंडरभाऊ आधी डोळ्याला बोट लावायचे, मग कानाला, आणि विचारायचे, "पायलं का आयकलं?"

गोष्ट वाघाची असो, कोणाच्या सुनेची असो, नाहीतर वरणात मीठ जास्त झाल्याची असो. एकदा दवाखान्याचा शिपाई धावत आला. "भाऊ, टेसनापाशी वाघ आला!"

भाऊंचा हात खलातून निघाला नाही. "पायलं का आयकलं?"

"आयकलं."

"मंग तू काऊन धापा टाकून राह्यला? ज्यानं पायलं त्याले टाकू दे."

तुम्ही पाहिली असतील अशी माणसं. त्यांच्यापुढे गप्पा मारायला मजा येत नाही, पण खरं सांगायचं असलं की पाय तिकडेच वळतात.

मी सिंदेवाहीच्या सरकारी दवाखान्यात बाटल्या धुवायला होते. तेव्हा लोक औषधाला बाटली घरून आणत. राकेलचा वास जाईपर्यंत ती राखेनं घासायची, औषध भरलं की तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. पट्ट्या कातरायचं कामही माझ्याकडे आलं, कारण मी चौथी पास होते. भाऊ मला नावानं हाक मारत नसत. "का वं चवथी, झाल्या का पट्ट्या?" मी मान हलवायची. कोणापुढे तोंड उघडायचं म्हटलं की माझ्या तळहाताला घाम यायचा. भाऊ म्हणायचे, "हिच्या तोंडाले बूच हाय. अन् मले म्हणते कंपोंडर, एवढं बूच निंगत नाई माह्याच्यानं!"

'पायलं का आयकलं' विचारायची त्यांची ती सवय एका सरकारी कागदानं लावली होती. डोकं बिघडलेल्या माणसाला सरकारी खर्चानं नागपूरच्या पागलखान्यात पाठवायचं, तर डॉक्टरचा दाखला लागे. त्यात दोन भाग होते. डॉक्टरनं स्वतः पाहिलेलं, आणि दुसऱ्यांनी सांगितलेलं. डॉक्टर बहुतेक दौऱ्यावर, म्हणून दुसरा भाग भाऊच लिहून घेत. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं असेल तेवढंच लिहीत. ऐकीव एक अक्षर नाही.

एक नवरा बायकोला घेऊन आला. म्हणे, ही एकटीच हसते.

"पायलं?"

"पायलं ना भाऊ. परवाच हासली."

"तू काय करत होता?"

"मी खाटेवरून पडलो होतो."

"मीबी हासलो असतो," भाऊ म्हणाले. "जा, घेऊन जा घरी."

माझी मोठी बहीण भागरथा दोन कोसांवरच्या गावात दिलेली होती. तिचं पहिलं लेकरू आठव्या दिवशी गेलं. त्यानंतर ती बोलेनाशी झाली. चूल पेटवायची आणि भात टाकायला विसरून जाळाकडे बघत बसायची. पहाटे उठून तलावाच्या पाळीवर जायची. दवाखान्यातून सुटी काढून मी तिच्याकडे कामाला मदत म्हणून राहायला गेले होते. एका सकाळी मी आत तांदूळ पाखडत होते. बाहेर आरडाओरडा झाला. मी पाळीवर पोचले, तेव्हा तिच्या सासूच्या कडेवर भागरथाच्या जावेचं लेकरू होतं, ओलं. भागरथा कमरेइतकी भिजून उभी होती. सासू ओरडत होती, "लेकरू टाकलं हिनं पाण्यात!"

तिनं टाकलं की पडलेलं काढलं, हे मला आजही ठाऊक नाही.

सासरच्यांनी तिला दवाखान्यात आणलं. मला म्हणाले, "चार महिन्यांत बरी होऊन येईन. सरकार फुकट दवा देते. आमचं कंपोंडर खरं मानत नाई. तू फक्त सांग." बाबा मासे धरायला नदीवर गेले होते. लहानशा खोलीत सासू, सासरा, तिचा नवरा, सगळे उभे होते. भागरथा खाली भिंतीला टेकून बसली होती.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांनी बोटही लावलं नाही डोळ्याला. "पोरी, तू तिथी होती. हिनं लेकरू टाकलं, हे पायलं का आयकलं?"

'ऐकलं' म्हटलं असतं, तर पुढचं आलं असतं. कोणाकडून ऐकलं, तू कुठे होतीस, काय करत होतीस. एवढ्या माणसांत मला ते सगळं बोलावं लागलं असतं. 'पाहिलं' हा एकच शब्द होता. तो म्हटला की सुटका.

मी म्हणाले, "पाहिलं."

भाऊंनी टाक दौतीत बुडवला, पण लिहिलं नाही. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा भागरथानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला वार विचारला, गावाचं नाव विचारलं. ती बोलली नाही. दाखला झाला, मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला, आणि शिपायाच्या पहाऱ्यात तिला छोट्या आगगाडीनं नागपूरला नेलं.

भाऊ औषधांच्या पेट्या आणायला दोन-तीन महिन्यांनी नागपूरला जात. प्रत्येक वेळी तिला भेटून येत आणि मला फक्त पाहिलेलं सांगत. "केस कापले हायेत. माह्यासमोर भात खाल्ला. सुतळी वळत होती." मला विचारावंसं वाटे, माझं नाव काढलं का? पण कधी विचारलं नाही.

वर्ष उलटलं. एक दिवस बाटल्या धुताना माझ्या हातून एक फुटली आणि मी तिथेच बसले. भाऊ बाहेर आले. मी म्हणाले, "मी नव्हतं पाहिलं, भाऊ. मी तांदूळ पाखडत होते."

 ते माझ्यासमोर उकिडवे बसले आणि काचा वेचू लागले.

"मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "चूक माही हाय. सासरचे उभे असताना तुले इचारलं. एकटीले इचारायला पायजे होतं."

"आता?"

"आता तू लिही. चवथी पास हाय ना? मी नाई लिहिणार."

माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं पहिलं म्हणजे ते. पाच ओळी, त्याला सकाळ गेली. भाऊंनी एक शब्द सुचवला नाही, एक काना सुधारला नाही. कागद खिशात घातला आणि पेट्या आणायची वेळ नसतानाही शिपायाला घेऊन नागपूरला गेले. त्या दिवसापासून मी बाबांसाठी एक आणि भागरथासाठी एक, अशी माशांची दोन कालवणं मनात रांधत होते.

चौथ्या दिवशी दुपारी ते परत आले. भागरथा नव्हती. नागपूरला जाताना तिनं नेसलेलं हिरवं लुगडं भाऊंच्या हातात होतं. तिला जुलाब लागले होते. ती वारून महिना झाला होता. पत्र सासरी गेलं होतं, आणि त्यांनी आम्हाला कळवलं नव्हतं.

कागदाचं काय झालं, ते भाऊंनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर दाखल्याला आलेल्या नातेवाइकांना ते बाहेर लिंबाखाली बसवत आणि आणलेल्या बाईला एकटीला आत घेत. "बोल माय, घाई नाई." पुष्कळ बायका औषध न घेताच परत जायच्या आणि पुढच्या बाजाराला पुन्हा यायच्या. डॉक्टर चिडले, की औषध देत नाही, तर इथे बाटलीत काय भरता? भाऊ म्हणाले, "साहेब, बाटली त्याच भरून आणते. मी रिकामी करून देतो."

पोळ्यानंतर त्यांची बदली धानोऱ्याला झाली. पुढच्या पावसात तिकडच्या तापानं ते गेले. निरोप आला त्या दिवशी शिपाई माझ्याजवळ येऊन बसला. भाऊंनी त्याला बोलू नको म्हणून सांगितलं होतं, ते तो आता बोलला.

नागपूरला पागलखान्याच्या कचेरीत बाबू माझा तो कागद घेईना. म्हणे, मेलेल्याच्या फाइलीत कागद लागत नाही. भाऊ दोन दिवस खिडकीपाशी उभे राहिले. शेवटी बाबू वैतागला. "अहो, आता हे वाचणार कोण?"

"कोनी नाई," भाऊ म्हणाले. "पन ते खोटं फायलीत तिच्यासंगं एकटं नको राहाले."

बाबूनं फाइल उघडली, कागद लावला, दोरी बांधली. मग दोघं गाडीत बसले. शिपाई म्हणाला, "लुगडं पिशवीत घाला म्हटलं, त नाई म्हणे. सिंदेवाहीपर्यंत मांडीवर घेऊन बसले होते, झोपलेल्या लेकरावानी."