कागदावर उभे चार शॉकअप

माझे धाकटे दीर उदयसिंहराव, म्हणजे आमचे भावजी, बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "माझ्या गाडीत शेजारच्या सीटवर हेल्मेट असतं. तिला डिकीत बसवू का?"

गाडी पांढरी एस्टीम. मांजलपुरातल्या आमच्या सोसायटीत तशा तीन होत्या, पण भावजींची जमिनीला टेकायला आल्यासारखी दिसायची. परदेशी बनावटीचे चार शॉकअप आणि आखूड, कडक स्प्रिंगा त्यांनी पुण्याच्या एका मोटार-रॅलीवाल्याकडून वापरलेल्या घेतल्या होत्या. त्यामुळे वळणावर गाडी झुकत नाही, असं ते सांगायचे. मला एवढंच कळायचं, की त्या गाडीतून खंडेराव मार्केटला गेलं तर टोमॅटोची पिशवीतच कोशिंबीर व्हायची. ते दोनदा रॅलीत उतरले. एकदा बारावे आले आणि एकदा एरंडाच्या शेतात गेले. दोन्ही वेळचे फोटो त्यांनी बैठकीत शेजारीशेजारी लावले होते.

असा नाद असलेली बडोद्यात पंधरा-वीस माणसं होती. जुने भाग त्यांच्यातच एकमेकांकडे फिरायचे. भावजींकडून घेतलेली वस्तू मात्र कोणी तपासून घेत नसे, कारण त्यांची पद्धत सगळ्यांना माहीत होती. शॉकअपच्या आत तेल असतं. सील खराब झालं की ते दांड्यावरून झिरपतं, आणि तेल गेलं की शॉकअप गेला. भावजी प्रत्येक शॉकअप रॉकेलनं पुसायचे, दहादा दाबायचे आणि दांडा खाली करून वर्तमानपत्रावर उभा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कागद कोरा निघाला तरच विकायचे. नाहीतर भंगारात.

दोन हजार तीन साली त्यांच्या पाठीनं संप केला. डॉक्टर म्हणाले, "कडक स्प्रिंगा किंवा पाठ, एक काहीतरी ठेवा." भावजींनी मूळचे मऊ शॉकअप परत बसवले आणि तो लाडका संच विकायला काढला. माझ्या मुलीनं, मालविकानं, सायबर कॅफेत जाऊन जाहिरात टाकली. मजकूर भावजींनी तोंडी सांगितला होता. शेवटी म्हणाले, "लिही, गळती नाही. थेंब निघाला तर माल परत."

मग नवरात्र आलं. आमच्या सासरचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची एक तलवार आमच्याकडे आहे. खंडेनवमीला ती बाहेर काढायची, तिळाच्या तेलाच्या फडक्यानं पुसायची, पाटावर ठेवून पूजा करायची. सोबत घरातली हत्यारंही मांडायची: माझी विळी, कात्री, भावजींचे पाने. त्या वर्षी भावजी कामावर होते. मला वाटलं, या संचानं त्यांची इतकी वर्षं सेवा केली, आता तो परक्या घरी चाललाय, रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? मी चारही शॉकअप पाटावर मांडले. तलवारीवरून फिरवलेलं तेच फडकं त्यांच्या दांड्यांवरून फिरवलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी हळदकुंकू ओल्या फडक्यानं पुसून सगळं जागच्या जागी ठेवलं. भावजींना सांगायचं राहून गेलं.

दसरा झाल्यावर गोत्री भागातला हार्दिक नावाचा मुलगा बघायला आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल, तोही एस्टीमवालाच. गरब्यात घसा बसलेला. खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढून त्यानं पहिला दांडा पुसला. रुमाल पिवळट झाला. दुसरा पुसला, तिसरा, चौथा. सगळ्यांवर तेल.

"काका, आ तो लीक छे. चारेचार."

भावजींनी रुमाल हातात घेतला, बघितला, परत दिला. "दिसतंय खरं. मग नको घेऊ."

"बधा म्हणत होते, उदयकाकांचा माल डोळे मिटून घे," हार्दिक म्हणाला. बडोद्याची मुलं अशीच बोलतात, अर्धं गुजराती अर्धं मराठी. "हवे बधाने काय सांगू?"

"बघितलंस ते सांग."

तो चहा न घेता गेला. मी चहा घेऊन आले तर बैठकीत भावजी एकटेच, चार शॉकअपांसमोर, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

"वहिनी, यांना कोणी हात लावला होता?"

मी सगळं सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात येत गेलं की मी काय केलंय. भावजींनी दांडा नाकाशी नेला आणि हुंगला.

"तिळाचंच," ते म्हणाले. "दोन चमचे जास्त घातलं असतं तर शंकरपाळे तळता आले असते."

"मी त्याला फोन करते."

"राहू द्या. सापडल्यावर सुचलेली सबब वाटेल ती त्याला."

पण मी केला. माझ्या फडक्यापायी त्यांचं नाव जाणार होतं. वीस वर्षांत त्या माणसानं दुसरं काही कमावलं असेल तर मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "हार्दिकभाई, तेल माझ्या पूजेचं आहे. तुम्ही या, तुमच्यासमोर पुसू, कागदावर ठेवू. उद्या संध्याकाळी बघा."

"पूजानुं तेल, मासी?" तो म्हणाला. "ठीक छे, आवुं छुं."

तो आला. भावजींनी त्याच्यासमोर चारही शॉकअप रॉकेलनं पुसले. पाठ धरून धरून दाबले. दाबताना हार्दिकनंही हात लावला. सोसायटीतली मुलं आत-बाहेर खेळताना धक्का नको, म्हणून चारही मी देवघराच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितले, प्रत्येकाखाली वेगळा कागद.

दुसऱ्या दिवशी भावजी पहिल्या पाळीला गेले. सकाळी मी दिवा लावायला देवघरात गेले आणि आधी कोपऱ्यात बघितलं. तीन कागद कोरे. चौथ्यावर, मागच्या डाव्या शॉकअपखाली, रुपयाएवढा काळपट डाग. वाकून वास घेतला. तिळाचा नव्हता.

घरात मी एकटी होते. कागद बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं, जुनं वर्तमानपत्र तिथंच फळीवर होतं. दांडा एकदा पुसला असता तर संध्याकाळपर्यंत निभलंही असतं. हे सगळं माझ्या मनात आलं, आलं नाही असं मी म्हणणार नाही. हातात काडेपेटी होती. मी दिवा लावला, नेहमीची स्तोत्रं म्हटली. दोन ओळी चुकल्या. तो कागद तसाच ठेवून स्वयंपाकाला लागले.

भावजी आले, हातपाय धुतले, देवघरात गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"वहिनी," ते आतूनच म्हणाले, "हा तुमचा नाही. हा माझा."

मग सांगितलं. गाडीखालून हा संच काढतानाच पाठीत चमक भरली होती. नुसते हातानं दाबून बघितले आणि बाजूला सारले. कागदावर ठेवलेच नव्हते. जाहिरात मात्र नेहमीचीच सांगितली.

"तुम्ही तेल लावलं नसतं तर मी हा खपवला असता," ते म्हणाले. "न बघता घेतला असता पोरानं."

हार्दिक आला तेव्हा तो बसायच्या आत भावजींनी चौथा कागद त्याच्या हातात दिला. "तीन चांगले आहेत. हा गळतोय. चारात एक तरी तू बरोबर धरलास."

हार्दिकनं डाग बघितला, मग माझ्याकडे. "काका, कागळ बदलला असता तर मने क्यां खबर पडत?"

"तुला नसती पडली. वहिनींना पडली असती. मग वर्षभर मला डब्यात फक्त दुधी मिळाला असता."

सकाळचं अर्धं मिनिट मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

हार्दिक म्हणाला, पुढचे दोन आत्ता न्यायला हरकत नाही. भावजी म्हणाले, "संच आहे, फोडायचा नाही. सील मिळवतो, मग चारही ने." त्या मापाचं सील बडोद्यात कोणाकडे नव्हतं. मकरपुऱ्यात हायड्रॉलिकची कामं करणाऱ्या एकानं दोनदा बनवून दिलं, दोन्ही वेळा कागदावर डाग आला. तिसरं टिकलं. तोवर दिवाळी उलटून गेली होती. दर रविवारी हार्दिक कागद बघायला यायचा आणि पोहे खाऊन जायचा. मधल्या काळात त्यानं मित्रांना काय सांगितलं कोण जाणे, पण भावजींकडे माणसं पूर्वीपेक्षा जास्त यायला लागली. आता मात्र प्रत्येकजण दारातच म्हणायचा, "काका, कागळ बतावो." भावजींना ते आवडायचं. त्यांनी स्वतःलाही ती सवय पुन्हा लावून घेतली.

संच नेताना हार्दिकनं शेवटच्या वेळचे चार कोरे कागदही घडी करून मागून घेतले.

पुढच्या खंडेनवमीला मी पाट मांडत होते, तेव्हा फाटकाशी गाडी थांबली. त्याची एस्टीम, भावजींची पूर्वी दिसायची तशीच खाली बसलेली. हार्दिक उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि आत बोट दाखवलं. पुढच्या दोन शॉकअपांची डोकी तेवढी तिथून दिसत होती.

"मासी, कुंकू लावा. फूल पण ठेवा," तो म्हणाला. "तेल नहीं, हं."