पदरची ओळ

डबिंगच्या स्टुडिओत त्यांना सगळे किंकाळीबाई म्हणत आणि त्या नावाचा त्यांना राग नव्हता. बावीस वर्षं परभाषेतल्या गुन्हेपटांतल्या बायका त्यांच्या आवाजात मरत आल्या होत्या. कुणी गच्चीवरून पडून, कुणी उशीखाली घुसमटून, कुणी भलत्याच्या हातचं औषध पिऊन. बाई पोटातून अशी किंकाळी काढत की रेकॉर्डिस्ट कानावरचा हेडफोन उचलून धरी, आणि मग त्या शांतपणे चष्मा पुसायला घेत.

अलीकडे या गुन्हेपटांत एकमेकींवर जीव जडलेल्या बायका दिसू लागल्या होत्या, एकमेकांवर जीव टाकणारे पुरुषही. खुनी कोण हे ओळखायला वेळ लागे, पण या जोडीतलं कुणीतरी एक शेवटाआधी जाणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळे. "यांचा संसार धड चाललेला लेखकांना बघवत नाही," बाई रेकॉर्डिस्टला म्हणत. तो हसे. खुद्द बाईंचा तसाच संसार एकोणीस वर्षं धडपणे चाललाय, हे त्या बापड्याला काय माहीत!

संसार नर्सबाईंबरोबर होता. नर्सबाई हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डवर होत्या. दुसऱ्या मजल्यावरचं घर त्यांच्या वडिलांचं, वडिलांमागे निम्मं त्यांचं आणि निम्मं त्यांच्या थोरल्या भावाचं. आतल्या खोलीत दोन कॉट होत्या, मधे टेबल. ती मांडणी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी. शेजारीपाजारी म्हणत, मैत्रिणी आहेत, एकमेकींना सोबत होते. दोघींनी हे कधी खोडून काढलं नाही.

चूक घडली ती चार महिन्यांपूर्वी. सिनेमा होता एका साक्षीदार बाईचा आणि तिला बंद पडलेल्या हॉटेलात लपवून ठेवणाऱ्या पोलीस बाईचा. खाली मारेकरी एकेक दार उघडत वर येतोय आणि वर या दोघी एका पलंगावर श्वास रोखून बसल्यात. भाषांतरकाराने पोलीस बाईच्या तोंडी लिहिलं होतं, "भिऊ नकोस प्रिये, मी तुझ्या सोबत आहे." पडद्यावर चेहरा एवढा मोठा आणि ओळ काही केल्या ओठांवर बसेना. पडद्यावरच्या बाईचे ओठ सुरुवातीला एकदा मिटत, मग जरा थांबून पुन्हा एकदा, बस्स. सात टेक वाया गेले. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "बाई, काहीही पदरचं घाला, पण ओठ जुळवा."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "पाय इकडे दे. बर्फ झालेत नुसते."

ओठ तंतोतंत जुळले. रेकॉर्डिस्टने काचेपलीकडून अंगठा दाखवला. घरी जाताना बसमध्ये बाईंच्या लक्षात आलं की हे आपलं अंथरुणातलं वाक्य. नर्सबाई दिवसभर फरशीवर उभ्या असत, रात्री त्यांचे पाय गार पडत आणि बाई रोज हेच म्हणत. पण ते चार भिंतींबाहेर कुणाला ठाऊक होतं? बाईंनी ती गोष्ट तिथेच सोडून दिली.

आणि मग दादा आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलं दूर. बहिणीने हट्टाने आपल्याकडे आणलं. महिनाभर ते बाहेरच्या खोलीत दिवाणावर होते आणि रात्री हाक ऐकू यावी म्हणून आतलं दार उघडं असे. दादा शिस्तीचे, मोजकं बोलणारे, बाईंना 'ताई' म्हणणारे. आपल्या घरी परतण्याआधी इथल्या घरातला आपला निम्मा हिस्सा बहिणीला सोडून द्यायचं त्यांनी आपणहून काढलं. कागद तयार झाले, सोमवारची वेळ ठरली. नर्सबाईंना वर्षानुवर्षं एकच घोर होता, उद्या दादाची मुलं दारात उभी राहिली तर जायचं कुठे? तो एका सहीने मिटणार होता.

शुक्रवारी सकाळी चहा पिताना दादा बहिणीला सहज म्हणाले, "तुझे पाय अजून गार पडतात वाटतं? काल रात्री ताईंचं बोलणं ऐकलं मी."

बाईंनी हातातला कप खाली ठेवला. कारण दादांना गुन्हेपटांचं भयंकर वेड आणि उद्या दुपारी टीव्हीवर नेमका तोच सिनेमा लागणार होता. तीन दिवस त्याची जाहिरात बघून दादा घड्याळ लावून बसले होते.

स्वयंपाकघरात, नळ सोडून, बाईंनी नर्सबाईंना सगळं सांगितलं. नर्सबाईंचा चेहरा उतरला आणि मग तापला.

"आपल्यातलं बोलणं तू माईकवर बोललीस?"

"ओठ जुळत नव्हते गं."

"म्हणून? मी एकोणीस वर्षं वॉर्डात जपून बोलतेय, आणि तू सगळ्या जगाला ऐकवलंस?"

बाईंनी नळ बंद केला. शनिवारी सकाळी त्यांनी गुपचूप टीव्हीमागची वायर सैल केली. दादांनी काठी टेकत जाऊन ती पाच मिनिटांत बसवली. दुसरा सिनेमा सुचवून पाहिला, फिरून येऊ म्हणून पाहिलं. दादा जागचे हलेनात. नर्सबाई जादा ड्यूटी घेणार होत्या, पण ऐन वेळी पर्स खुंटीला अडकवून तिथेच बसल्या.

सिनेमा सुरू झाला. बाईंचा आवाज खोलीभर फिरू लागला. दादा म्हणाले, "वा, ताई, पोलीस झालात!" बाई कसनुशा हसल्या. पडद्यावर हॉटेल आलं. मारेकरी जिना चढू लागला. उठून मिळेल तिथे पळावं असं बाईंना वाटलं.

"पाय इकडे दे. बर्फ झालेत नुसते."

दादांनी सेटटॉप बॉक्सचा रिमोट उचलून चालू सिनेमा थांबवला. थोडा मागे नेला. पुन्हा ऐकलं. परत मागे नेला आणि तिसऱ्यांदा ऐकलं. पडद्यावर त्या दोघी जवळजवळ बसलेल्या, तशाच थिजल्या.

"ताई, हे तुमचं वाक्य?"

"नाही हो," बाई घाईने म्हणाल्या. "ते सगळं लिहून दिलेलं असतं. आम्ही आपलं वाचायचं."

"माझं आहे ते," नर्सबाई म्हणाल्या. "ती मला म्हणते रोज. दादा, एकोणीस वर्षं झाली. तुला सोमवारी सही करायची नसेल तर नको करूस. पण ती माझ्या देखत खोटं बोलली ना, ते मला नाही ऐकवलं."

बाईंना जमिनीने पोटात घेतलं तर बरं असं झालं. आणि त्याच क्षणी नर्सबाईंचा एवढा अभिमान वाटला की रडू फुटेल की काय अशी भीती वाटली.

दादा गुडघा चोळू लागले. "बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

दादांनी विचार केला. "घराबाहेर काढलं असतं. दोघींना." हे सांगताना त्यांनी नजर चोरली नाही. मग पडद्याकडे हात करून बाईंना विचारलं, "यांचं पुढे काय होतं?"

"मी मरते," बाई म्हणाल्या. डबिंगवाले असंच बोलतात. "जिन्यावर. ती वाचते."

"आणि मग? ती कुठे जाते?"

"ते दाखवत नाहीत. रस्त्यावरून चालत जाते, तिथे संपतो."

"म्हणजे राहायला जागा नाही."

"असेल कुठेतरी. सिनेमा आहे दादा तो."

दादांनी टीव्ही बंद केला आणि फोन उचलला. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या. पलीकडे वकील होते, शनिवारच्या दुपारी झोपमोड झाल्यासारखे.

"सोमवारचे कागद बदलायचे आहेत," दादा म्हणाले. नर्सबाईंनी डोळे मिटून घेतले. "नाही, हिस्सा सोडायचाच आहे. पण बहिणीला नको. तिचं निम्मं तिला आहेच. उद्या तिला काही झालं तर माझी पोरं येतील आणि दुसरी रस्त्यावर येईल. माझं निम्मं त्या दुसरीच्या नावे बक्षीसपत्र करा. हो, बाहेरचीच. नाही, बाहेरची नाही. तुम्ही लिहून घ्या हो." त्यांनी फोनवर हात ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून बाईंकडे पाहिलं. "ताई, इतकी वर्षं येतोय मी इथे. तुमचं पूर्ण नाव काय?"

किंकाळीबाईंनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. शेवटी नर्सबाईंनीच सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि दादांनी ते फोनवर सावकाश पुन्हा म्हटलं.