बोलक्यांचा उपास

आमच्या बाई दर गुरुवारी हुशारांची तोंडं बंद करायच्या. सानपाड्याच्या अभ्यासकेंद्रात बीएचा वर्ग रविवारीच भरायचा. बाकीचे दिवस मोबाइलवरचा ग्रुप हाच आमचा वर्ग. रोज सकाळी बाई तिथं एक प्रश्न टाकायच्या. एरवी उत्तर कुणीही द्यावं, पण गुरुवारी बोलक्यांचा उपास. त्या दिवशी एरवी गप्प असणाऱ्यांनीच लिहायचं. रिटायर होऊन शिकायला आलेल्या तावडेकाकांना हे फार जड जायचं. एकदा त्यांनी नुसता अंगठा टाकला.

"तावडे, उपास मोडलात!"

"बाई, अंगठा म्हणजे साबुदाणा. चालतो."

"मग खा आणि गप्प बसा."

बाई मोरा बंदरावरच्या, कोळ्यांच्या घरातल्या. टाइप करायचा त्यांना कंटाळा; खणखणीत आवाजात बोलूनच पाठवायच्या. "वर्गात हात वर करायला दम लागतो. इथं तुमचं तोंड कुणाला दिसत नाय. घाबरायचं तर घाबरा, पण लिहा."

घाबरणाऱ्यांत मी पहिली. नांदेडकडच्या आमच्या खेड्यात आठवीतच माझी शाळा सुटली. आता ऐरोलीत एका कंपनीच्या पॅन्ट्रीत चहा-कॉफी बघते. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारीची परीक्षा देऊन कशीबशी बीएला लागले, पण ग्रुपवरची लांबलचक, शुद्ध उत्तरं वाचून आपलं इथं काही काम नाही असं वाटायचं. येत्या रविवारपासून जायचंच नाही, असं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

त्या गुरुवारी बाईंनी विचारलं, घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, आणि का? दुपारपर्यंत ग्रुपवर चिडीचूप. कप विसळता विसळता काय झालं कोण जाणे, मी लिहिलं, "आमची माय. भाकर कमी पडली ते कुणाला दिसू नये म्हणून." पाठवलं आणि मग उमगलं. घरातली भाकर चव्हाट्यावर मांडली की! लगेच सगळ्यांसाठी पुसून टाकलं.

थोड्या वेळानं ग्रुपवर नाही, एकट्या माझ्या फोनवर बाईंचा आवाज आला. "सुनंदा, तू पुसलंस, पण माझं वाचून झालं होतं. मी कुणाला सांगणार नाय. माझं तेवढं सांगते. आमची आई म्हणायची, मला कालवण आवडतच नाय. मोठी झाल्यावर कळलं, तिला फार आवडायचं."

मी पुसलेलं ग्रुपवर पुन्हा लिहिलं. मग गप्प माणसं एकेक करून बोलू लागली. कुणाची आत्या, कुणाची वहिनी. एका पोरानं लिहिलं, "मीच. हॉटेलात वेटर आहे." बाई म्हणाल्या, "आता पुस्तकातला कुटुंबाचा धडा उघडा. अर्धा तुम्हीच सांगितलात."

रविवारी मी वर्गाला गेले. नंतरही जातच राहिले.

यंदा बाईंची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली. शेवटच्या गुरुवारी त्यांनी प्रश्न टाकला आणि बजावलं, "तावडेंचा उपास. आणि आजपासून सुनंदाचाही."

"बाई, मी काय केलं?"

"फार बोलतेस हल्ली."

एवढा मान मला आजवर कुणी दिला नव्हता. उत्तर तर अगदी ओठांवर आलं होतं. पण ग्रुपवर कुणी नवी पोरगी टाइप करत होती, थांबत होती, पुन्हा टाइप करत होती. मी फोन हातात घट्ट धरला आणि गप्प बसले.